बदगुमानी : हिंसेची पहिली पायरी

सूरह हुजुरात ही पवित्र कुरआनमधील ४९वी सूरह. आयती अवघ्या १८; पण माणसांनी एकमेकांसोबत कसे राहावे, याची जणू संपूर्ण आचारसंहिता तीत सामावलेली आहे. या सूरहचे पठण करताना तिच्या आयतींच्या क्रमाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. सहाव्या आयतीत कानावर आलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे. नवव्या आयतीत दोन गट एकमेकांवर शस्त्र घेऊन उठले तर इतरांनी काय करावे, हे सांगितले आहे. दहावीत बंधुत्वाची आठवण आहे. अकरावीत टिंगल, टोमणे व वाईट नावांनी हाका मारणे यांना मनाई आहे. तर बारावीत बदगुमानी, दुसऱ्याची गुपिते हुडकणे आणि गीबत यांना. म्हणजे लढाईचा उल्लेख मध्यभागी आहे आणि तिच्या अलीकडे-पलीकडे कानाचे, जिभेचे व मनाचे अपराध आहेत.

राजकीय हिंसा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दंगल, जाळपोळ, खून येतात आणि त्यांमागे क्रूर माणसे असतात, असे आपण धरून चालतो. अशी माणसे असतात, हे खरेच. परंतु त्यांची संख्या नेहमीच थोडी असते. प्रश्न उरतो तो उरलेल्या असंख्य सामान्य माणसांचा. घरसंसार सांभाळणारा, शेजाऱ्याला सलाम-नमस्कार करणारा, मुंगीही न मारणारा माणूस एखाद्या दिवशी ‘त्यांना धडा शिकवायलाच हवा होता’ असे कसे म्हणू लागतो? तो स्वतः दगड उचलत नाही. पण दगड उचलणाऱ्याला त्याची मूक संमती मिळते, आणि या संमतीवाचून हिंसा फार काळ टिकत नाही. ही संमती कोठून येते, याचा शोध प्रस्तुत लेखात सूरह हुजुरातच्या प्रकाशात घ्यावयाचा आहे.

बनू मुस्तलिकची घटना

सहाव्या आयतीच्या अवतरणप्रसंगाविषयी अनेक मुफस्सिरांनी, त्यांत इब्ने कसीर (रह.) यांनीही, बनू मुस्तलिक या कबिल्याची घटना नोंदवली आहे. या कबिल्याने इस्लामचा स्वीकार केला होता. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी जकात गोळा करण्यासाठी एका गृहस्थांना त्यांच्याकडे पाठवले. पाहुणे येत असल्याचे कळताच कबिल्याचे लोक स्वागतासाठी वस्तीबाहेर आले. त्या गृहस्थांना दूरवरून जमाव दिसला. काही रिवायतींनुसार त्यांचे या कबिल्याशी अज्ञानकाळापासूनचे वैर होते. हे लोक आपल्याला मारण्यासाठीच निघाले आहेत, असे त्यांच्या मनाने घेतले. ते वाटेवरूनच माघारी फिरले आणि मदीनेत येऊन त्यांनी सांगितले की, कबिल्याने जकात नाकारली आणि आपला जीव घेण्याचा बेत केला होता. मदीनेत संताप पसरला, कारवाईची तयारी सुरू झाली. पुढे शहानिशा झाली तेव्हा कळले की, ते बिचारे तर जकात देण्यासाठी वाट पाहत बसले होते.

या घटनेतील साखळी नीट पाहावी. जमाव खरा होता, तो डोळ्यांनी दिसला होता. त्या जमावाचा हेतू मात्र दिसला नव्हता. तो मनाने भरून काढला. त्या अंदाजाची पुढे बातमी झाली आणि बातमी ऐकणाऱ्यांचा संताप झाला. मदीनेतील लोक रक्ताला चटावलेले नव्हते. जे त्यांनी ऐकले ते खरे धरले, तर त्यांचा संताप वाजवीच होता. एका निरपराध वस्तीवर फौज चालून जाण्याची वेळ आली होती ती कोणाच्या क्रूरतेमुळे नव्हे, तर समोरच्याच्या मनाविषयी बांधलेल्या एका चुकीच्या अंदाजामुळे.

अमेरिकेतील एक अभ्यास

आता एका दूरच्या देशाकडे व आपल्या काळाकडे वळू. ३ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. पराभूत पक्षाच्या असंख्य समर्थकांना सांगण्यात आले की, निवडणूक चोरली गेली आहे. निकालाविरुद्ध साठच्या आसपास दावे न्यायालयांत दाखल झाले. त्यांतून निकाल फिरला नाही. तरीही ६ जानेवारी २०२१ रोजी, मतांची अंतिम मोजणी संसदेत चालू असताना, तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या समर्थकांचा जमाव संसद भवनात बळजबरीने घुसला. त्या जमावातील अनेकांना आपण लोकशाही बुडवत आहोत असे वाटत नव्हते. आपण ती वाचवत आहोत, अशी त्यांची खात्री होती.

या घटनेच्या आधी व नंतरच्या काळात जोसेफ मर्निक, सोफिया पिंक, जेम्स ड्रकमन आणि रॉब विलर या संशोधकांनी एकूण ४,७४१ अमेरिकन नागरिकांचा अभ्यास केला. तो २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन्ही पक्षांच्या समर्थकांना दोन प्रकारचे प्रश्न विचारले. एक, राजकीय हिंसा तुम्हाला स्वतःला कितपत मान्य आहे? दोन, विरोधी पक्षाच्या लोकांना ती कितपत मान्य असेल, असे तुम्हाला वाटते? मग एका पक्षाचा अंदाज दुसऱ्या पक्षाच्या प्रत्यक्ष उत्तरांशी ताडून पाहिला. अंदाज वस्तुस्थितीपेक्षा २४५ ते ४४२ टक्क्यांनी अधिक निघाला. म्हणजे विरोधकांच्या मनात जेवढी हिंसा होती, तिच्या सुमारे साडेतीन ते साडेपाच पट हिंसा त्यांच्या माथी मारली जात होती. आणि हा दोष एकाच पक्षाचा नव्हता; दोन्ही बाजू सारख्याच चुकत होत्या.

अभ्यासाचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. संशोधकांनी काही जणांना केवळ खरी माहिती दाखवली : तुमच्या विरोधकांनी प्रत्यक्षात काय उत्तर दिले ते पाहा. ना उपदेश केला, ना धाक घातला. एवढ्यानेच एका प्रयोगात हिंसेचे समर्थन ३४ टक्क्यांनी घटले, तर दुसऱ्यात स्वतः हिंसेत उतरण्याची तयारी ४४ टक्क्यांनी घटली. सुमारे महिन्याभराने पुन्हा विचारले तेव्हाही हिंसेच्या समर्थनातील घट टिकून होती.

लोकशाहीच्या नियमांविषयीही असेच आढळले. आलिया ब्रेली, गेब्रियल लेन्झ व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना लोकशाही मनापासून प्रिय आहे, असे मतदार ती पोखरणाऱ्या उमेदवारांना मते का देतात, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असे निघाले की, विरोधक संधी मिळताच नियम मोडणार, अशी ज्याची समजूत असते, तो स्वतः आधी नियम मोडण्यास राजी होतो. विरोधकांचीही या नियमांवर आपल्याला वाटते त्याहून अधिक निष्ठा आहे, हे कळले की त्याची स्वतःची निष्ठाही वाढते.

येथे एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे; नाहीतर सहाव्या आयतीचा आदेश आपण या लेखातच मोडल्यासारखे होईल. हिंसेच्या समर्थनाविषयीचे सर्वेक्षणांचे आकडेदेखील आंधळेपणाने स्वीकारू नयेत. २०२२ मध्येच शॉन वेस्टवूड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, प्रश्न संदिग्ध असले आणि लक्ष न देता उत्तरे ठोकणारे लोक गाळले नाहीत, तर हिंसेचे समर्थक आहेत त्याहून कितीतरी अधिक दिसतात. हिंसेचे नेमके कृत्य समोर ठेवून विचारले, तेव्हा बहुतेकांनी, गुन्हेगार कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्यावर खटला चालावा असेच म्हटले. ‘देशातले इतके लोक रक्तपाताला तयार आहेत’ असा मथळा वाचून घाबरलेला माणूस त्या भीतीपोटीच अधिक कठोर होतो. शहानिशा न केलेला आकडाही अशा वेळी बदगुमानीला खतपाणी घालतो.

नावड वेगळी, अन्याय वेगळा

यावर कोणी म्हणेल की, मग लोकांना एकमेकांवर प्रेम करायला शिकवा, सारे प्रश्न सुटतील. प्रेम ही मोठी गोष्ट आहे. परंतु पवित्र कुरआनने माणसाच्या स्वभावाची अधिक खोल जाण ठेवून आदेश दिला आहे. सूरह माइदाच्या आठव्या आयतीचा आशय असा की, एखाद्या जनसमूहाविषयीच्या वैरानेही तुम्ही न्यायापासून ढळू नये. न्याय करा, तोच तकव्याच्या अधिक जवळ आहे. या आदेशात वैराचे अस्तित्व गृहीत धरले आहे. मनातली नावड आज संध्याकाळपर्यंत पुसून टाका, असे अल्लाहने येथे म्हटलेले नाही. नावड असतानाही हात, जीभ आणि निवाडा न्यायाच्या रेषेत ठेवा, हे मात्र बंधनकारक केले आहे.

या भेदाला संशोधनानेही दुजोरा दिला आहे. यान फोल्कल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०२२च्या अभ्यासात असे दिसले की, विरोधी पक्षाविषयीचा तिटकारा कमी केला म्हणून लोकशाहीविरोधी वृत्ती कमी होतेच असे नाही. पुढे याच दिशेने ३२,०५९ लोकांवर २५ वेगवेगळे उपाय तपासले गेले व त्यांचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिटकारा कमी करणारे उपाय पुष्कळ निघाले. परंतु लोकशाहीच्या नियमभंगाला असलेला पाठिंबा घटवण्यात दोन उपाय सर्वांत प्रभावी ठरले : विरोधकांच्या विचारांविषयीचे गैरसमज दूर करणे आणि लोकशाही कोसळल्यास काय ओढवते, याची जाणीव करून देणे.

आता बारावी आयत पुन्हा पाहावी. तिचा आशय असा की, पुष्कळशा गुमानापासून दूर राहा, कारण काही गुमान पाप असतात. ‘काही’ पाप आहेत म्हणून ‘पुष्कळ’ टाळायचे, ही त्यातील सूक्ष्म गोष्ट मुफस्सिरांनी लक्षात आणून दिली आहे. मनात शंका उठते तेव्हा ती त्या ‘काहीं’पैकी आहे की नाही, हे आपल्याला त्या क्षणी कळत नाही. म्हणून कुंपण थोडे अलीकडेच घालावे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसचा भावार्थही हाच आहे की, गुमानापासून जपावे. सर्व बोलण्यांत तेच सर्वाधिक खोटे असते.

हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांचा प्रसंग याच दोन संग्रहांत आला आहे. लढाईत शत्रूपक्षातील एक माणूस तलवारीखाली सापडला आणि त्याने कलिमा उच्चारला. तो जीव वाचवण्यासाठीच बोलत आहे, असे समजून उसामा (रजि.) यांनी त्याला ठार केले. प्रेषितांना (सल्ल.) हे कळले तेव्हा त्यांनी विचारले की, तू त्याचे हृदय चिरून पाहिले होतेस काय? हा प्रश्न त्यांनी इतक्या वेळा विचारला की, आपण त्या दिवसानंतर मुसलमान झालो असतो तर बरे, असे उसामा (रजि.) यांना वाटले. परिस्थिती पाहता त्यांचा अंदाज कोणालाही पटण्याजोगा होता. तरीही दुसऱ्याच्या अंतःकरणावरचा निवाडा त्यांच्या अधिकारात नव्हता.

हरूरा : ऐकून घेण्याचे सामर्थ्य

हिजरी सन ३७ मध्ये सिफ्फीनच्या लढाईनंतर हजरत अली (रजि.) यांनी लवाद मान्य केला. त्यामुळे त्यांच्याच सैन्यातील एक मोठा गट बिथरला आणि कूफा शहराजवळ हरूरा येथे वेगळा तळ ठोकून बसला. इतिहासात हेच लोक खारिजी म्हणून ओळखले गेले. ते नमाजी होते, रोजेदार होते, रात्ररात्र कुरआनचे पठण करणारे होते. परंतु अली (रजि.) यांनी अल्लाहच्या अधिकारात माणसांना भागीदार केले, असा त्यांनी समज करून घेतला होता.

हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) यांनी त्यांच्याकडे जाण्याची परवानगी मागितली. अली (रजि.) यांना त्यांच्या जिवाची काळजी वाटली, तरीही ते एकटे गेले. त्यांनी आधी विचारले की, तुमचे आक्षेप काय आहेत? उत्तर आले : तीन. अल्लाहच्या बाबतीत माणसांना पंच केले. लढाई केली पण ना कैदी धरले ना लूट घेतली. आणि करारातून ‘अमीरुल मोमिनीन’ ही आपली पदवी पुसून टाकली. त्यांनी पुन्हा विचारले, याखेरीज काही? नाही, असे उत्तर मिळाल्यावरच ते बोलू लागले. पती-पत्नीच्या वादात दोन्हीकडचे पंच नेमण्यास कुरआननेच सांगितले आहे. ज्यांना कैद करायचे म्हणता, त्यांत उम्मुल मोमिनीन हजरत आयेशा (रजि.) होत्या, आपल्या मातेला तुम्ही बंदी केले असते काय? आणि हुदैबियाच्या करारातून तर खुद्द प्रेषितांच्या (सल्ल.) नावापुढचे ‘रसूलुल्लाह’ हे शब्द पुसले गेले होते, त्याने त्यांची प्रेषिती संपली काय? रिवायतींनुसार हे ऐकून हजारो लोक परतले.

जे परतले नाहीत त्यांच्याबाबतही अली (रजि.) यांनी धोरण जाहीर केले की, त्यांना मशिदीत येण्यापासून अडवले जाणार नाही, त्यांचा वाटा रोखला जाणार नाही आणि ते शस्त्र उचलत नाहीत तोवर त्यांच्यावर शस्त्र उचलले जाणार नाही. विचार कितीही विपरीत असला तरी शिक्षा कृत्यालाच होईल, असा त्याचा अर्थ होता. पुढे त्यांनी अब्दुल्लाह बिन खब्बाब (रह.) आणि त्यांच्या गर्भवती पत्नीची हत्या केली. अली (रजि.) यांनी मारेकरी मागितले, तेव्हा आम्ही सर्वच मारेकरी आहोत, असे उत्तर आले, त्यानंतरच नहरवानची लढाई झाली. तेव्हा बदगुमानी टाळणे म्हणजे गुन्ह्याकडे डोळेझाक करणे नव्हे. नवव्या आयतीतही अतिक्रमण करणाऱ्या गटाला रोखण्याचा आदेश आहे आणि तो परतल्यावर न्यायाने समेट घडवण्याचा आदेशही तेथेच आहे.

हिजरी ४० च्या रमजानमध्ये याच गटातील इब्ने मुल्जम याने कूफा येथे अली (रजि.) यांच्यावर विषारी तलवारीने वार केला. इतिहासग्रंथांत नोंद आहे की, मृत्युशय्येवरूनही त्यांनी बंदी केलेल्या मारेकऱ्याला नीट अन्न देण्यास सांगितले; आपण वाचलो नाही तर एका वाराच्या बदल्यात एकच वार व्हावा, त्याची विटंबना होऊ नये आणि आपल्या नावाने इतरांचे रक्त सांडू नये, असे बजावले. स्वतःच्या रक्तातही त्यांनी एका माणसाचा गुन्हा त्या एकाच माणसापुरता ठेवला.

आपल्या घरापर्यंत

प्रिय वाचकहो, आपल्याविषयी कोणी गुमान बांधला की तो कसा बोचतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आपले नाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदलला, की आपल्या मनात किती वेळ कालवाकालव होते! म्हणूनच आपल्यावरील जबाबदारी अधिक आहे. ज्याला संशयाचा चटका बसला आहे, त्याने तोच चटका दुसऱ्याला देताना शंभरदा विचार करावा. ‘ते सगळे मनातून तसलेच’ हे वाक्य आपल्याविषयी उच्चारले तर अन्याय ठरते. मग आपल्या दस्तरखानावर, आपल्या मुलांच्या देखत, दुसऱ्या समाजाविषयी, दुसऱ्या पक्षाविषयी किंवा दुसऱ्या मसलकविषयी उच्चारले तर ते सत्य कसे ठरेल? ग्रामपंचायतीची निवडणूक असो वा मशिदीच्या विश्वस्तांची, पराभूत गट लबाडीचा आरोप करतो आणि विजयी गट सूडाची अपेक्षा धरतो. वर्षानुवर्षे एका सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे लोक एकमेकांचा सलाम घेईनासे होतात. अनेकदा प्रत्यक्ष आगळीक फार थोडी घडलेली असते. बाकी सारे, समोरचा काय करणार याच्या अंदाजावर उभे असते.

तीन सवयी घरात रुजवता येतील. पहिली : संताप आणणारा निरोप मोबाइलवर आला, तर तो कोणी पाहिला, कोठे व केव्हा घडला, हे समजेपर्यंत पुढे पाठवू नये. ऐकलेले सर्व काही सांगत सुटणे, एवढेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, या अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. दुसरी : ‘ते लोक’ हा शब्द तोंडी आला की थांबून स्वतःला विचारावे, त्यांतील किती जणांशी मी स्वतः बोललो आहे? जे घडले ते सांगावे, ज्याने केले त्याचे सांगावे. हेतूचा निवाडा अल्लाहवर सोडावा. तिसरी : ज्याच्याविषयी किंतु आहे त्याच्याकडे जाऊन त्याचे म्हणणे ऐकावे आणि इब्ने अब्बास (रजि.) यांच्याप्रमाणे, याखेरीज काही, असे विचारून मगच बोलावे. तिन्ही सवयी मुले पाहून शिकतात. घरातील मोठी माणसे बातमी कशी ऐकतात, तशीच ती पुढे ऐकू लागतात.

सूरह हुजुरातची तेरावी आयत समस्त मानवजातीला उद्देशून आहे. एकाच स्त्री-पुरुषापासून निर्माण करून अल्लाहने माणसांची कुळे व कबिले केले, ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून, असा तिचा आशय आहे. गुमान सोडण्याची आज्ञा बारावीत आणि ओळख करून घेण्याची प्रेरणा तेरावीत, हा क्रमही मनन करण्याजोगा आहे. कारण गुमान बाजूला सारल्याशिवाय ओळख होत नाही.

अल्लाह आपली अंतःकरणे बदगुमानीपासून स्वच्छ ठेवो, आपल्या जिभांना शहानिशा न केलेल्या बोलण्यापासून आवरो आणि वैरातही न्यायावर स्थिर राहण्याची तौफीक आपणा सर्वांना देवो. आमीन.